बहिणीचं बीपी किडनीच्या धमनीमुळे निघालं, बलून करावं का? मदत हवी आहे

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. वय ३२, अंगानं बारीक, घरात कुणाला बीपी नाही आणि हिचं तीन गोळ्या चालू असूनही १७०/११०. सगळ्यांनी आधी टेन्शन आणि मिठावर खापर फोडलं, मीठ पार तोडलं तरी आकडा जागचा हलेना. मग नवीन डॉक्टरांनी पोटाला स्टेथो लावला तर बेंबीच्या वर सूं सूं आवाज, म्हणून डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), मग सीटी अँजिओ (धमन्यांचा स्कॅन). उजव्या किडनीच्या धमनीत फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेजिया आलंय, नळी मण्यांच्या माळेसारखी, कुठे आवळलेली कुठे फुगलेली. कोलेस्टेरॉलचा संबंध नाही म्हणे. किडनीला रक्त कमी पडलं की ती रेनिन सोडते आणि बीपी चढतं, इतपत कळलं.

आता बलून अँजिओप्लास्टी (आतून फुग्यानं नळी रुंद करणं) सांगितलीय पण स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) नाही. स्टेंट का नको? परत आवळलं तर? शिवाय मानेच्या आणि मेंदूच्या धमन्यांचाही स्कॅन सांगितलाय, तो खरंच लागतो का? तिला डाव्या कानात ठोक्यागणिक फुसफुस ऐकू येते, पण बीपीशी काय संबंध म्हणून डॉक्टरांना बोललीच नाही.

प्रतिसाद १: दोन्ही हातांचं आणि पायाचं बीपी घेतलंय का? हातात जास्त, पायात कमी असेल तर महाधमनीच आवळलेली असू शकते. दोन हातांत मोठा फरक असेल तर ताकायासू (मोठ्या धमन्यांना सूज येण्याचा आजार) बघतात.

धागाकर्ती: घेतलंय, सगळीकडे ठीक. ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) पण नॉर्मल.

प्रतिसाद २: ताई, कानाचं आधी सांगा! हा आजार मानेच्या धमन्यांतही असतो, फुसफुस तिथूनच येत असेल. डोक्यापासून ओटीपोटापर्यंत एकदा स्कॅन करतातच, कुठे धमनी फुगलीय का ते कळतं, त्यामुळे तो फालतू खर्च समजू नका. या आजारात बहुतेकदा नुसत्या बलूननं नळी मोकळी होते, स्टेंट सहसा धमनी फाटली किंवा बलून पुरलं नाही तरच. परत आवळू शकते म्हणून नंतर डॉप्लर करत राहायचं. बीपी अलीकडचं असेल तर गोळ्या सुटायची शक्यता बरी, पण सगळ्यांच्या सुटत नाहीत हे धरून चाला. अजून एक, गोळीच्या नावाच्या शेवटी प्रिल किंवा सार्टन असेल तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासत राहा, आणि बाळाचा विचार असेल तर आत्ताच डॉक्टरांना सांगा, त्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

धागाकर्ती: तीनपैकी दोन सार्टनवाल्या आहेत की काय बघते, उद्याच फोन करते. बलून झालेलं कुणी असेल तर किती दिवसांत कामावर गेलात तेही लिहा.

प्रतिसाद २: एकावेळी दोन सार्टन सहसा देत नाहीत, पाकिटं नीट वाचा.