मदत हवी आहे: साक्षीदार संरक्षणातलं कुटुंब टोळीला सापडावं कसं?

मंडळी, एक क्राइम थ्रिलर लिहितोय. कथा अमेरिकेतली आहे. एक पोलीस डिटेक्टिव्ह खंडणीखोर टोळीविरुद्ध, आणि त्या टोळीकडून हप्ते खाणाऱ्या स्वतःच्याच कॅप्टनविरुद्ध, फेडरल कोर्टात साक्ष देतो. मग तो, बायको, तिची पहिल्या लग्नाची चौदा वर्षांची मुलगी आणि धाकटा मुलगा असे चौघे साक्षीदार संरक्षणात जातात. नवं गाव, नवं आडनाव. इथपर्यंत लिखाण झरझर झालं. पुढे घोडं अडलंय.

टोळीला हे कुटुंब सापडायला हवं, नाहीतर कादंबरी कसली? पण फितूर मार्शल (साक्षीदारांना सांभाळणारा फेडरल अधिकारी) नको, त्याचा पार चोथा झालाय. मुलीने फोटो टाकला आणि घात झाला, हेही नको. चौदा वर्षांच्या मुलीला मूर्ख ठरवून लेखकाने सुटका करून घेतलेली मला वाचक म्हणून कधीच आवडत नाही.

वाचलंय त्यावरून हे काम सोपं नाही. १९७० च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने या कार्यक्रमाला आधार दिला, न्याय खात्यातल्या जेराल्ड शूर यांनी तो उभा केला आणि मार्शल सेवा तो चालवते. १९७१ पासून १९,००० हून जास्त साक्षीदार आणि कुटुंबीय त्यात आले. नियम पाळणारा एकही जण मारला गेला नाही, असा मार्शल सेवेचा दावा आहे. म्हणजे कुठला तरी नियम मोडायला हवा, पण मोडणारा बावळट वाटता कामा नये.

डिटेक्टिव्हचं स्वतःचं दुखणं वेगळंच आहे. आयुष्यभर लपलेली माणसं शोधली, आता लपायचं कसं हे त्याला जमत नाही. एक प्रसंग लिहिलाय: दुकानात रांगेत उभा असताना तो सवयीने भिंतीला पाठ लावतो, दाराकडे तोंड करतो. मागचा म्हातारा सहज विचारतो, "पोलिसात होतात का?" तो हसून "छे, गोदामात" म्हणतो आणि सामान तिथेच टाकून निघतो. हा प्रसंग मला आवडलाय, पण यातून टोळी दारात कशी आणू?

आणखी एक शंका. पहिलं नाव किंवा निदान आद्याक्षरं तीच ठेवायला सुचवतात म्हणे, हाक मारल्यावर माणूस पटकन वळावा म्हणून. मग मुलांची नावं तीच ठेवली तर वाचकाला खटकेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
नावं बिनधास्त ठेवा. खटकू नये म्हणून मार्शलच्या तोंडी एक वाक्य घाला, बास.

प्रतिसाद २
तुमचा दरवाजा तुम्हीच उघडा ठेवलाय की! मुलीचा सख्खा बाप कुठाय? १९८४ च्या कायद्याने संरक्षण देण्याआधी साक्षीदाराशी लेखी करार होतो. त्यात देणी, कोर्टाचे निकाल, मुलांचा ताबा, भेटीचे हक्क, सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. मुलीला हलवलं म्हणून बापाचा भेटीचा हक्क आपोआप संपत नाही. त्याला पत्ता देत नाहीत, पण भेटी घडवून आणाव्या लागतात, त्याही सुरक्षित जागी. म्हणजे टोळीला डिटेक्टिव्हला शोधायची गरजच नाही. बापावर नजर ठेवली की झालं.

शिवाय त्याच करारात कोर्टाचे कागद स्वीकारायला साक्षीदाराने दुसरी एक व्यक्ती नेमायची असते. तोही धागा वापरता येईल. मी मात्र बापालाच धरेन. तो वाईट नसावा. लेकीला भेटायला तडफडणारा, जरा भोळा, आणि प्रत्येक भेटीला काहीतरी घेऊन येणारा. त्या भेटवस्तूत काय दडवायचं ते टोळी बघेल.

धागाकर्ता
बाप मी दुसऱ्याच प्रकरणात एका वाक्यात उडवला होता, आता परत आणतो. भेटवस्तू मार्शल तपासतीलच, त्यामुळे ट्रॅकर वगैरे नको. त्यापेक्षा मुलगीच बापाला काहीतरी देईल: शाळेत केलेलं एखादं चित्र, मागे गावातला पूल किंवा पाण्याची टाकी. मार्शलला चित्रात काही वावगं दिसणार नाही. डिटेक्टिव्हला दिसलं असतं, पण त्या भेटीला तो नसतोच, कारण सावत्र बाप समोर नको असं मुलीनेच सांगितलेलं असतं. हे पटतंय का? आणि बाप ते चित्र कुणाला दाखवेल, यावर काही सुचत असेल तर लिहा. टोळीचा माणूस त्याच्याशी दोस्ती करतो, हे मला जरा सरळसोट वाटतंय.