डिवॉ बदलायचा आहे – कमी नखऱ्यांचा कसा ओळखावा?

नमस्कार मंडळी,

डिशवॉशर (यापुढे डिवॉ, पूर्ण टंकायचा कंटाळा) घेऊन आम्हाला सहा वर्षं झाली. पहिली तीन सुखात गेली. पुढच्या तिन्ही वर्षांत त्याने आम्हाला गुडघे टेकायला लावले, म्हणजे खरोखरच, फरशीवर, हातात टॉर्च घेऊन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की भांड्यांचा धागा भांडणाचा होतो.

आधी रोगाचा इतिहास सांगते, म्हणजे जाणकारांना निदान करायला बरं.

पहिल्यांदा पाणी बाहेर जाईना. मधेच मशीन थांबायचं, आकडा लुकलुकायचा आणि तळाशी गढूळ पाणी तसंच. जाळी धुतली, काही फरक नाही. दुरुस्तीवाल्याने जाळीच्या खालचं पंपाचं झाकण उघडलं, तर पंख्याला कागदाचा लगदा गुंडाळलेला. एका बरणीवरचं लेबल भिजून सुटलं होतं. ही चूक आमची, मान्य. तेव्हापासून लेबल आधी खरवडून काढल्याशिवाय बरणी आत जात नाही.

दुसऱ्यांदा पाणी तापेना. भांडी गार आणि तेलकट, साबणाची गोळी अर्धी कप्प्यातच चिकटलेली. आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड काढून दाखवला तेव्हा रिलेचे, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पाय जिथे सोल्डर केलेत, तिथे काळपट पिंगट डाग पडला होता. बोर्ड बदलला. चौदा महिन्यांनी पुन्हा तोच डाग, पुन्हा बोर्ड.

आणि आत्ताचं. बटण दाबलं की पाणी भरायच्या आधीच बाहेर टाकायचा पंप घूं करत सुरू होतो आणि थांबतच नाही. नवऱ्याने खालची पट्टी काढून आत बघितलं, तर तळाच्या ट्रेमध्ये दोन बोटं पाणी आणि त्यावर थर्मोकोलची एक चकती तरंगतेय. ती चकती वर उचलली गेली की एक स्विच दाबला जातो, आणि घरात पूर आला अशी मशीनची समजूत होते. आम्ही स्पंज बुडवून, वाटीत पिळून, अर्धा तास खपून ट्रे कोरडा केला. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पूर. आता निदान असं की भांड्यांवर पाणी फिरवणाऱ्या पंपाचं सील गेलंय, पण सील सुटं मिळत नाही. पंप आणि हीटर एकत्रच येतात, आणि या मॉडेलचा तो भाग ‘मागवून बघतो’.

मागवून बघतो हे शब्द ऐकले आणि ठरवलं, बास. नवीन घ्यायचा.

घरात पाच माणसं, रोज एकदा पूर्ण भरून लागतो. ताटल्या कमी, खोल पातेली जास्त. पाण्यात क्षार भरपूर, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. मला फोनवर ‘भांडी झाली’ असा निरोप यायला नको. भांडी झाली की आवाज थांबतो, तेवढं मला कळतं. जोसेफिन कॉक्रेन बाईंनी १८८६ साली पेटंट घेतलं तेव्हाही मूळ युक्ती हीच होती की, भांडी तारेच्या कप्प्यांत बसवायची आणि त्यांच्यावर जोरात पाणी मारायचं. त्यात वायफाय कशाला?

तर प्रश्न असा: टिकाऊ डिवॉ दुकानात उभं राहून ओळखायचा कसा? नुसती ‘अमुक कंपनी घ्या’ अशी उत्तरं नकोत, का घ्यायची तेही लिहा.

प्रतिसाद

मीठ शेवटचं कधी भरलं होतं? आणि पाण्याच्या कठीणतेचं (म्हणजे पाण्यात क्षार किती, त्याचं) सेटिंग कितीवर आहे?

प्रतिसाद

आमचा अकरा वर्षं चाललाय. चार बटणं, एक दिवा. पडदा नाही, आवाजाने हुकूम घेणं नाही. भांडी आधी विसळून लावत असाल तर ते बंद करा, नुसतं खरकटं झटका. उरलेलं खरकटं तोडायला साबणात एन्झाइम्स असतातच. शिवाय ज्या मशीनमध्ये पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर असतो, त्याला विसळलेली भांडी दिली तर तो काम हलकं आहे असं समजून पाणी आणि वेळ दोन्ही कमी करतो. आणि मग कोपऱ्यात चिकटलेलं तसंच राहतं.

धागाकर्ती

मीठ? गोळ्यांच्या पाकिटावर ‘मिठासकट सगळं एकाच गोळीत’ असं लिहिलं होतं, म्हणून मीठ भरायचं सोडलं. दिवा सारखा लागायचा, तोही सेटिंगमध्ये जाऊन बंद केला. साधारण तीन वर्षांपूर्वी.

तीन वर्षांपूर्वी. हे टंकताना आत्ता माझ्याच लक्षात आलं.

प्रतिसाद

ताई, मी या दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

मशीनच्या पोटात रेझिनच्या बारीक मण्यांचा एक डबा असतो. आत येणारं पाणी त्यातून जातं. मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. काही दिवसांनी मणी भरतात, मग त्यांच्यावरून मिठाचं पाणी फिरवून ते धुवावे लागतात. ते काम मशीन आपोआप करतं, पण मीठ असेल तर. मीठ नसेल तर मणी भरलेलेच राहतात आणि पाणी जसंच्या तसं आत येतं. गोळीतली रसायनं क्षार बांधतात, पण एका मर्यादेपर्यंतच. पुन्हा शेवटच्या विसळणीला गोळीतलं फारसं काही उरलेलं नसतं, म्हणून काचेवर पांढुरकं येतं.

क्षार हीटरवर बसला की पाणी तापायला वेळ लागतो, म्हणजे रिलेवर भार जास्त वेळ राहतो. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. सोल्डर कच्चं असेल तर ते तिथेच शिजतं. पंपाच्या सीलचे दोन गुळगुळीत चेहरे एकमेकांवर घासत फिरतात, त्यांच्यामध्ये क्षाराचे कण गेले की तेही खलास. बोर्ड दोनदा गेला याचं सगळं पाप मी तुमच्या माथी मारत नाही हं. सोल्डर चांगलं असतं तर एवढ्यावर जळलं नसतं. पण नवीन आणून तेच पाणी बिनमिठाचं पाजलंत, तर तीन वर्षांनी याच धाग्यावर भेटू.

खात्री करायची असेल तर वरचा फवाऱ्याचा हात काढून कानाशी हलवा. आणि पांढरट झालेला एक ग्लास सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने पुसा. डाग गेला तर क्षार. नाही गेला तर काचच झिजलीय, तो ग्लास आता पुन्हा चकाकणार नाही.

धागाकर्ती

हलवला. खुळखुळ्यासारखा वाजला. टोकाच्या तीन भोकांतून सुई फिरवली तर तांबूस पांढरी खपली बाहेर आली, नखाएवढी. सहापैकी पाच ग्लास पुसल्यावर स्वच्छ निघाले, सहावा वारला.

थेंब टाकून मोजायचं किट आणलं: कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर. मशीनमध्ये सेटिंग कारखान्यातून आलं तसंच होतं, मधलं. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झालाय, कारण मिठाचा दिवा बंद करण्याची आयडिया त्याची होती. (गोळ्या मी आणल्या होत्या, हे तो विसरलाय. मी आठवण करून देणार नाही.)

जुन्याचा पंप मिळणार नाही असंच दिसतंय, म्हणजे नवीन घ्यायचाय हे कायम. पण आता प्रश्न बदलला. क्षाराच्या पाण्यासाठी आणि पुढे दुरुस्त होईल असा कसा निवडू?

प्रतिसाद

मघाचाच मी, दुरुस्तीवाला. दुकानातला दिव्यांचा तमाशा बघू नका, घरी बसून माहितीपुस्तिका वाचा. बहुतेक मॉडेल्सच्या पुस्तिका जालावर असतात. कठीणतेच्या तक्त्याची शेवटची ओळ बघा. मशीन तिथपर्यंतच पाणी मऊ करू शकतं. तक्ता जर्मन अंशांत असेल तर १ अंश म्हणजे लिटरला जवळजवळ १८ मिलिग्रॅम. तुमचं ४०० म्हणजे २२च्या पुढे. तक्ता ३५ किंवा ५० पर्यंत जात असेल तर निर्धास्त राहा.

मग पाण्याचा किमान दाब. पुष्कळ ठिकाणी ०.५ बार असं दिसेल. पाणी टाकीतून येत असेल तर टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा साधारण ५ मीटर उंच हवं, त्याशिवाय एवढा दाब मिळत नाही. वरच्याच मजल्यावर राहणारे लोक ‘पाणी भरत नाही’ म्हणून बोलावतात आणि मशीन ठणठणीत असतं.

सुट्या भागांचं सगळ्यात महत्त्वाचं. ‘मिळतात का’ असं विचारू नका, हो म्हणतील. पंप, बोर्ड, दाराचं रबर, वरच्या रॅकची चाकं या चार गोष्टींचे भाग क्रमांक मागा. क्रमांक देता आला नाही तर काय समजायचं ते समजा. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावरही पंप, मोटर, हीटर असे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना किमान ७ वर्षं, आणि रबरं, फवाऱ्याचे हात, जाळ्या, रॅक असे भाग किमान १० वर्षं मिळालेच पाहिजेत. तुमच्याकडे असा नियम असो नसो, तिथे विकलं जाणारं मॉडेल घेतलं तर भाग निदान तयार तरी होत असतात.

आतलं भांडं पूर्ण स्टीलचं हवं. काहींचा तळ प्लॅस्टिकचा असतो, तोही बघा. वाळवण्याचं म्हणाल तर शेवटी स्वतःच दार थोडं उघडणारी मशीन चांगली वाळवतात, फक्त वरच्या लाकडी फळीला वाफेपासून वाचवणारी पट्टी लावून घ्या. आवाजाच्या डेसिबलवर फार जीव टाकू नका, ४४ आणि ४६मध्ये तुम्हाला फरक कळायचाही नाही.

प्रतिसाद

+१. एक भर: इको प्रोग्रॅम तीन-साडेतीन तास चालतो म्हणून मशीन बिघडलंय असं समजू नका, कमी तापमानावर जास्त वेळ हेच त्याचं गणित आहे. पण कायम इकोच लावलात तर आत चरबी साठते. महिन्यातून एकदा सगळ्यात गरम प्रोग्रॅम चालवा. आणि ॲल्युमिनियमची भांडी आत टाकू नका, काळी पडतात. हे आमच्या घरी एका पातेल्याने शिकवलं.

प्रतिसाद

खोल पातेली जास्त असतील तर वरचा रॅक भरलेला असतानाही वर-खाली करता येतो का ते करूनच बघा. आणि खालच्या रॅकचे दात आडवे पडायला हवेत. ‘१४ सेट’ वगैरे आकडे ताटल्यांचे असतात, पातेल्यांचे नव्हेत.

धागाकर्ती – अपडेट

घेतला! पुस्तिका वाचण्यात दोन रात्री गेल्या. पाच मॉडेल्सपैकी दोन तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर बाद झाली. एकाच्या विक्रेत्याने भाग क्रमांकांऐवजी ‘मॅडम, बिघडतच नाही’ असं उत्तर दिलं, तेही बाद. उरलेल्या दोनांत एकाचं दार आपोआप उघडतं, दुसऱ्याचं नाही. पण दुसऱ्याच्या खालच्या रॅकचे सगळे दात आडवे पडतात. मी पातेली घेऊनच गेले होते. एकात एक घालून, पिशवीत. तिथल्या मुलाने आधी हसून घेतलं आणि मग स्वतःच लावून बघायला मदत केली. दातवाला घेतला. वाफेचं मी दार हाताने उघडून भागवीन.

काल बसवला. भांडी आत जायच्या आधी मिठाचं झाकण उघडलं. पहिल्या वेळी त्यात आधी पाणी ओतायचं, मग मीठ, आणि मीठ म्हणजे डिवॉचं जाड मीठ, साधं बारीक नव्हे. हे यावेळी पुस्तिकेत बोट ठेवून वाचलं. नरसाळं लावून ओतत गेले तसं खारं पाणी बाहेर सांडलं, स्टीलवर. घाबरले होते, पण ते तसंच होतं म्हणे, फक्त लगेच एक विसळणी चालवायची, नाहीतर गंज धरतो. सेटिंग ४०० च्या पुढच्या पायरीवर ठेवलं. दिवा चालूच ठेवलाय.

जुन्याचे दोन्ही रॅक आणि फवाऱ्याचे हात काढून ठेवलेत, कुणाला त्या मापाचे हवे असतील तर निरोप करा. आणि खोल पातेली कोण कशी लावतं त्याचे फोटो टाका ना. माझं एक अजून दर वेळी अर्धं भरून बाहेर येतं.