मदत हवी आहे: पहिलाच हार्डवेअर सिंथ (आवाज घडवता येणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) घेतोय, ज्यूनो-१०६ की डीएक्स७?

मंडळी, मी पुण्यात असतो. मूळचा पेटीवाला, पुढे प्रायोगिक नाटकांना पार्श्वसंगीत द्यायला लागलो. आजवरचं सगळं काम लॅपटॉपवर, प्लगइनच्या (संगणकातल्या वाद्यांच्या) जिवावर. पण तालमीत अडचण होते. दिग्दर्शक म्हणतो, "इथे आवाज हळूहळू झाकोळत जाऊ दे." तेव्हा माझी नजर नटावर हवी, ती असते स्क्रीनवरच्या बारीकशा बटणावर. मला फिल्टर (आवाज उजळ किंवा झाकोळलेला करणारा भाग) हाताखाली हवाय, नटाच्या श्वासाबरोबर सरकवता येईल असा.

जुनाच का, तर चरणजित सिंग यांच्यामुळे. मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणाऱ्या या माणसाने १९८२मध्ये रोलँडचे ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ बेसयंत्र आणि टीआर-८०८ तालयंत्र घेऊन दहा रागांची एलपी काढली. त्यातली ज्युपिटरवरची सुरावट ऐकल्यापासून त्या काळच्या यंत्रांनी मला धरून ठेवलंय. ज्युपिटर-८ माझ्या आवाक्यात नाही, म्हणून त्याच घराण्यातल्या धाकट्याकडे वळलो.

आतेभाऊ ओसाकाला असतो, दिवाळीला घरी येतोय. तिकडे जुनी वाद्यं बऱ्यापैकी जपलेली मिळतात, त्यामुळे त्यालाच आणायला सांगेन. बजेट दीड लाख, कस्टम ड्युटी आणि किरकोळ दुरुस्ती धरून.

पहिली पसंती रोलँड ज्यूनो-१०६, साल १९८४. एका वेळी सहा स्वर, जवळपास प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र स्लायडर, मिडी (दुसऱ्या यंत्राशी किंवा लॅपटॉपशी जोडायची सोय) आहे, आणि आवाज दाट करणारा तो कोरस. मूळ आवाज काढणारा ऑसिलेटर डिजिटल नियंत्रणाखाली असल्यामुळे सूर हलत नाही. पट्टी किती जोरात दाबली याचा आवाजावर काही परिणाम होत नाही, ही त्याची उणीव म्हणून सगळे सांगतात. मला ती उणीव वाटत नाही. पेटीतही जोर भात्यात असतो, पट्टीत नसतो.

दुसरा यामाहा डीएक्स७, १९८३चा. स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग यांनी शोधून काढलेलं एफएम तंत्र (एका लहरीने दुसरी लहर बदलून आवाज घडवणं) त्यात आहे: सहा ऑपरेटर (अशा लहरी काढणारे भाग), ३२ अल्गोरिदम (ते जोडायच्या रीती), एकदम १६ स्वर. घंटा, काच, इलेक्ट्रिक पियानो असले आवाज यात जे निघतात ते ज्यूनोत निघणार नाहीत. बोटाचा जोर कळतो, पट्टी दाबून धरल्यावरचा दाबही कळतो. पण आवाज घडवायला एकच डेटा स्लायडर आणि सपाट बटणं.

तिसरा कॉर्ग पॉलीसिक्स, १९८१. रेकॉर्डिंगवर ऐकलेल्या तिघांत हाच मनाला सर्वांत भिडला. यात मिडी नाही.

माझे प्रश्न असे. जपानचं १०० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर वर्षानुवर्षं चालवायचं तर काय करावं? दुरून विकत घेताना भावाला नेमकं काय तपासायला सांगू? त्याला संगीतातलं फारसं कळत नाही. आणि ज्यूनोवर मींडेसारखं काही काढता येतं का? पेटीवर जे कधीच जमलं नाही, ते इथे जमावं अशी फार इच्छा आहे.

प्रतिसाद १

मी डोंबिवलीत असतो, जुनी कीबोर्डं दुरुस्त करतो. तुमची गरज वाचून सांगतो, ज्यूनो-१०६च घ्या. पण मॉडेल निवडणं हा यातला सोपा भाग आहे. चाळीस वर्षं जुन्या वस्तूत तुम्ही मॉडेल विकत घेत नाही, तो एक विशिष्ट नग विकत घेता.

१०६चं दुखणं जगजाहीर आहे. प्रत्येक व्हॉइसचा (एका वेळी एक स्वर काढणाऱ्या भागाचा) फिल्टर आणि ॲम्प्लिफायर ८००१७ए नावाच्या चिपमध्ये आहे. अशा सहा चिप. त्यांच्यावरच्या आवरणामुळे त्या काळाच्या ओघात बिघडतात. मग एखादा स्वर करकरतो, पट्टी सोडली तरी रेंगाळतो, नाहीतर मधूनच गायब होतो. काही जण चिप ॲसिटोनमध्ये भिजवून आवरण काढतात, काही वेळा ते पुरतं. खात्रीचा उपाय म्हणजे नव्याने बनवलेल्या बदली चिप, त्या मिळतात. विक्रेत्याने सहाही बदलल्या असतील आणि जुन्या कामाचं बिल दाखवत असेल, तर थोडे जास्त पैसे द्यायला कचरू नका.

भावाला संगीत कळायची गरज नाही. "की ट्रान्सपोज" बटण दाबून धरून यंत्र चालू करायला सांगा. टेस्ट मोड सुरू होतो, आणि पट्टी दाबली की कोणता व्हॉइस वाजतोय त्याचा आकडा डिस्प्लेवर दिसतो. १ ते ६ एकेक करून ऐकायचे, सहाही सारखे वाटले पाहिजेत. त्याआधी कोरस बंद करायचा, नाहीतर तो पुष्कळ दोष झाकतो. आणि यंत्र अर्धा तास तापू द्यायचं, कारण काही चिप गरम झाल्यावरच रडायला लागतात. सगळ्याचा व्हिडिओ काढून तुम्हाला पाठवू दे.

व्होल्टेजचं नीट ऐका. दुकानात सहज मिळतात ते ११० व्होल्टचे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. १०० व्होल्टच्या यंत्राला ११० दिले, त्यात आपल्याकडे रात्री व्होल्टेज चढलं, की आतले रेग्युलेटर उगाच तापत राहतात. २३० ते १०० असाच ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर बांधून देणारा सापडेल. १०० वॉटचा भरपूर झाला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण तालमीच्या हॉलमध्ये कुणीतरी मदत म्हणून थेट भिंतीत प्लग लावतो आणि पॉवर सप्लाय जातो.

पॉलीसिक्सचा आवाज सुंदर आहे, तुमच्याशी सहमत. पण त्यात रिचार्जेबल बॅटरी बोर्डावरच असते, ती गळते आणि आजूबाजूचे तांब्याचे मार्ग खाते. पहिलं यंत्र म्हणून नको. १०६ मध्ये साधा सीआर२०३२ सेल असतो, तो संपला तर साठवलेले आवाज पुसले जातात, एवढंच.

मींडेबद्दल: १०६ मध्ये पोर्टामेंटो आहे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जायची सोय. "पॉली १" आणि "पॉली २" एकत्र दाबले की सहाही व्हॉइस एकाच स्वरावर येतात. त्या अवस्थेत पोर्टामेंटो लावून वाजवून बघा. शिवाय डाव्या हाताला स्वर वर-खाली वाकवणारा बेंडर आहे. गमकाचा हात बसायला वेळ लागेल, पण स्वरांमधली जागा तुम्हाला मिळेल.

प्रतिसाद २

थोडं वेगळं मत. नाटकवाल्याला प्रयोगाच्या दिवशी चालणारं यंत्र लागतं. कॉर्ग मिनीलॉग नवा मिळतो, ॲनालॉग आहे, नॉब भरपूर आहेत, व्होल्टेजची कटकट नाही. चारच स्वर आणि लहान पट्ट्या, हे खरं. डीएक्स७ तर सध्या घेऊच नका, डेक्स्ड हे प्लगइन फुकट आहे आणि डीएक्स७चे मूळ पॅच (साठवलेले आवाज) जसेच्या तसे उघडतं. वर्षभर त्यावर एफएम शिका. श्रुतींमध्ये रस असेल तर पुढे डीएक्स७ II बघा, त्यात स्वरांचं सूक्ष्म ट्यूनिंग करता येतं. पहिल्या डीएक्स७ मध्ये ती सोय नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डेक्स्ड आजच उतरवून घेतलं. मिनीलॉगचा विचार केला, पण चार स्वरांत माझं भागत नाही. खाली षड्ज-पंचम धरून वर तीन स्वर ठेवले की पाच तिथेच झाले.

भावाला टेस्ट मोडचं सगळं लिहून पाठवलंय. सहाही चिप बदललेला एक नग त्याने ओसाकातच पाहिलाय, शनिवारी जाऊन व्हिडिओ काढेल. आता दोनच गोष्टी विचारतो. यंत्र सुमारे एक मीटर लांब आहे, विमानात सामान म्हणून आणताना स्लायडर तुटू नयेत यासाठी पॅनेलवर काय बांधावं? आणि पावसाळ्यात स्लायडरना काय लावायचं, साधा कॉन्टॅक्ट क्लीनर चालतो का?

प्रतिसाद १

पॅनेलवर फोम नको, तो टोप्यांवर दाबतो. चारही कडांना उंच पट्ट्या लावून वर प्लायवूडचा तुकडा बांधा, म्हणजे स्लायडरना काही टेकणारच नाही. विमान कंपनीला लांबी आधी कळवा. क्लीनर प्लास्टिकला चालणारा आणि काही न उरणारा घ्या, गंज काढायचे तेलकट स्प्रे अजिबात नकोत. व्हिडिओ आला की इथेच टाका, ऐकून सांगतो.