सन फायर व्ही४४०: कार्ड हलवलं तर होस्ट आयडी सोबत येतो का?

भोसरी_टूलरूम
नमस्कार मंडळी. आमच्या टूलरूममधलं मोल्ड डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर सन फायर व्ही४४० या सर्व्हरवर, सोलारिस ९ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि त्याचं लायसन्स होस्ट आयडीला, म्हणजे मशीनच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं आहे. यंदाच्या पावसात पत्र्यातून पाणी थेट सर्व्हरवर गळलं. मदरबोर्ड गेला, डिस्क शाबूत आहेत. तसाच दुसरा व्ही४४० सेकंड-हँड मिळालाय. सॉफ्टवेअरची कंपनी आता बंद झालीय, त्यामुळे नवीन लायसन्स कुठून मिळणार? सर्व्हरच्या पुढच्या दाराआड एक कार्ड असतं, आयडी त्यातच असतो म्हणे. खरं का?

सिंहगड_रोड
खरं आहे. फक्त चालू मशीनमधून कार्ड ओढू नका. दोन्ही पॉवर केबल आधी काढा.

जुना_युनिक्सवाला
केबलचं अगदी बरोबर. आणि त्या कार्डात नुसता आयडी नाही. होस्ट आयडी, नेटवर्कवरची ओळख असलेला मॅक अ‍ॅड्रेस, ओपनबूटची (मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरची) सगळी सेटिंग्ज आणि अ‍ॅलॉमचे (मशीन बाहेरून सांभाळणाऱ्या वेगळ्या कंट्रोलरचे) युजरसुद्धा त्यात असतात. याच्या आधीच्या अल्ट्रा मशीनमध्ये हे सगळं बॅटरी पोटात असलेल्या एका चिपवर असायचं. बॅटरी संपली की मशीन स्वतःची ओळखच विसरायचं. कार्ड आल्यावर ती कटकट गेली. कार्ड नसेल तर व्ही४४० बूटच होत नाही, इतकं ते महत्त्वाचं आहे.

पण दोन गोष्टी कार्डात नसतात. सोलारिस डिस्कवर असतं, तेव्हा डिस्क त्याच क्रमाने त्याच खणांत बसवा. ओपनबूट फर्मवेअर बोर्डावरच्या फ्लॅशमध्ये असतं, म्हणजे ते नव्या मशीनचंच राहणार.

लगेच बूट होऊ देऊ नका. सिरियल केबल लावून अ‍ॅलॉममध्ये जा आणि बूटमोड या कमांडच्या बूटस्क्रिप्टमध्ये 'सेटएन्व्ह ऑटो-बूट? फॉल्स' द्या. प्रश्नचिन्ह नावाचाच भाग आहे, गाळू नका. ही सूचना दहा मिनिटंच टिकते, म्हणून लगेच पॉवरऑन करा आणि कन्सोलवर या. ओपनबूटचा ओके प्रॉम्प्ट आला की 'बॅनर' ही कमांड मारा. तिथला होस्ट आयडी लायसन्स फाइलमधल्या आकड्याशी जुळला पाहिजे. मग 'प्रिंटएन्व्ह बूट-डिव्हाइस' देऊन मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू होणार ते पाहा आणि 'बूट' द्या. सगळं नीट उठलं की ऑटो-बूट? परत ट्रू करा, नाहीतर रात्री लाइट गेली-आली की सकाळी मशीन ओके वर थांबलेलं सापडेल.

भोसरी_टूलरूम
दादा, खूप आभार. सेकंड-हँड मशीनसोबत आलेलं कार्ड टाकून द्यायचं का?

जुना_युनिक्सवाला
अजिबात नको. ती त्या मशीनची ओळख आहे, उद्या ते वेगळ्या कामाला लावलं तर लागेल. त्यावर सिरियल नंबर लिहून पाकिटात ठेवा. आणि तुमचं जुनं कार्डही ओलं झालं असेल, तर आधी पूर्ण सुकू द्या, सोनेरी पट्ट्या स्वच्छ कापडाने पुसा, मगच बसवा. बॅनरला काय आकडा येतो ते इथे कळवा.