१०डब्ल्यू-३०च टाकलं, तरी ऑइल बदलल्यापासून घाटात क्लच घसरतोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी होंडा युनिकॉर्न १५०, २०१३ची, ६२,००० किलोमीटर झालेली. वडिलांनी घेतलेली, चार वर्षांपासून मी चालवतो. दर शनिवारी चिपळूणहून कराडला जातो, त्यामुळे कुंभार्ली घाट ठरलेला.

तीन आठवड्यांपूर्वी घरीच ऑइल बदललं. गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलंय, दुकानात तेच मागितलं. दुकानदाराने ८०० मिलीचा डबा दिला आणि कमी पडलं तर म्हणून सुट्ट्यातलं थोडं बाटलीत घालून दिलं. पहिले दोन दिवस तर गाडी आधीपेक्षा मऊ वाटली, मी खूश होतो.

शनिवारी पोफळी सोडून चढ लागला आणि त्रास सुरू झाला. तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. मागे आई बसली होती. एका वळणावर समोरून ट्रक आला आणि मला गाडी वेळेत बाजूला काढता येईना, तेव्हा खरंच घाबरलो. सपाटीवर फारसं जाणवत नाही.

क्लचची केबल तपासली, लिव्हरच्या टोकाला साधारण १५ मिलिमीटर खेळ आहे. डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे. आमचे फिटरकाका म्हणतात, गाडी जुनी झाली, आता २०डब्ल्यू-४० टाक, जाड ऑइलने क्लच धरेल. दुसरा एक जण म्हणतो क्लचच्या प्लेटा गेल्या. पण ऑइल बदलायच्या आदल्या शनिवारी हाच घाट गाडी विनातक्रार चढली होती. प्लेटा एका आठवड्यात जातील का? प्लेटा बदलण्याआधी ऑइलचा काही संबंध आहे का ते कळलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

दादा, प्लेटांना हात लावू नका. आधी रिकामा डबा शोधा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) असं लिहिलेलं असेल, त्यापुढे एमए आहे की एमबी ते सांगा. ८०० मिली वाचूनच शंका आली, त्या मापाचे डबे बहुतेक स्कूटरच्या ऑइलचे असतात.

मूळ प्रश्नकर्ता

डबा सापडला. १०डब्ल्यू-३०, जासो एमबी. पुढच्या बाजूला स्कूटरचं छोटं चित्रही आहे. मी फक्त आकडा बघून घेतला होता. पण आकडा तोच असेल तर फरक कशाचा?

प्रतिसाद १

आकडा फक्त पातळपणा सांगतो. १०डब्ल्यू म्हणजे थंडीत ऑइल कितपत वाहतं, आणि ३० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहतं. त्यात क्लचबद्दल एक अक्षरही नाही.

तुमच्या गाडीचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात म्हणून चाकाला ताकद मिळते. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच मागे, पट्ट्याच्या बाजूला, कोरडा असतो. त्याला इंजिनचं ऑइल लागतच नाही. म्हणून स्कूटरसाठी घर्षण कमी करणारं ऑइल चालतं, उलट त्याने ॲव्हरेज थोडं सुधारतं. तेच एमबी. तुमच्या प्लेटांना मात्र ते घर्षणच हवंय, त्यासाठीचं ऑइल म्हणजे एमए. गाडी मऊ वाटली ती बहुतेक त्यामुळेच. मोटारीच्या ऑइलमध्येही अशी द्रव्यं वाढत गेली, म्हणून तर १९९८ साली जपानमध्ये दुचाकींसाठी हे वेगळं मानक आलं. त्यामुळे कोणी उरलेलं कारचं ऑइल फुकट दिलं तरी घेऊ नका.

आता करायचं काय, तर गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवून ऑइल गरम करा, पूर्ण निथळू द्या, बोल्टचा वॉशर नवा टाका आणि १०डब्ल्यू-३० एमए भरा. एमए१ किंवा एमए२ लिहिलं असेल तरी चालेल. आतल्या कप्प्यांत जुनं थोडं राहतंच, म्हणून हे नवीन ५०० किलोमीटरवर काढून पुन्हा भरा. वेगळं फ्लशिंग नको. महागडं सिंथेटिकही नको, साधं मिनरल वेळेवर बदललेलं बरं.

२०डब्ल्यू-४०बद्दल काकांचा मान राखून सांगतो, जाड ऑइल हा घसरणाऱ्या क्लचवरचा इलाज नाही. गाडी निळा धूर सोडत असेल, ऑइल खात असेल, तर काही जण जाड टाकतात. पण तेव्हाही दुखणं रिंगांचं किंवा वाल्व्हच्या सीलचं असतं, जाड ऑइल ते फक्त झाकतं.

प्रतिसाद २

माझ्या पल्सरला २०डब्ल्यू-५० लागायचं, शेजाऱ्याच्या शाइनला १०डब्ल्यू-३०. दुसऱ्याच्या गाडीवरून ऑइल ठरवू नये. आणि रिकामा डबा कात्रीने कापूनच टाका, नाहीतर त्यात बनावट माल भरून विकतात.

मूळ प्रश्नकर्ता

खूप आभार. एमए भरून १८० किलोमीटर झाले. काल मुद्दाम एकटाच पोफळीपासून वर हेळवाकपर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या गिअरला एकदाही रेस सुटली नाही. पण चौथ्यात ४०च्या वेगाने जाताना एकदम रेस दिली तर क्षणभर घसरल्यासारखं अजून वाटतं. पुढच्या बदलीपर्यंत वाट बघू की प्लेटा उघडून बघू? आईला तोवर एसटीनेच पाठवणार आहे.

प्रतिसाद १

५०० किलोमीटरची बदली होऊ द्या. त्यानंतरही चौथ्यात घसरला, तर उघडायला सांगा. प्लेटा काळ्या, चकचकीत झाल्या असतील तर पूर्ण संच आणि स्प्रिंगा एकदमच बदला, आणि नव्या प्लेटा बसवण्याआधी त्याच एमए ऑइलमध्ये चांगल्या भिजवायला सांगा. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळतात.