मदत हवी आहे : काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांची 'पालखीचा गोंडा' ही १९२८ सालची कादंबरी मला मूळ मराठीत वाचायची आहे. राजघराण्यात लग्न होऊन आलेली, नवरा मतिमंद निघालेली मुलगी संस्थानाचा कारभार हाती घेते आणि बायकांसाठी तो बदलून टाकते. त्या काळात एका बाईने ही कल्पना केली! काशीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. नवव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्याला शिकलेली बायको हवी म्हणून सासरी, घरच्यांचे टोमणे सोसत त्या वाचायला शिकल्या. पुढे डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र त्यांनीच लिहिलं. ह. ना. आपट्यांशी त्यांचा साहित्यिक स्नेह होता, तरी आपल्याकडे त्यांचं नाव निघतं ते बहुधा त्या चरित्रापुरतंच, याचं फार वाईट वाटतं.

आमच्या वाचनगटात पुढची चर्चा याच कादंबरीवर ठेवायची आहे. कुणाकडे जुनी प्रत असेल, किंवा बाहेरच्या वाचकाला निदान तिथे बसून वाचू देणारं पुण्या-मुंबईचं ग्रंथालय माहीत असेल तर कृपया सांगा. झेरॉक्सचा आणि टपालाचा खर्च मी देईन. त्यांच्या कथा कुणी वाचल्या असतील तर सुरुवात कुठून करावी, तेही सुचवा.