'पास आउट' झाली की पडली?

भाची नर्सिंगची. परदेशी जायचं म्हणून ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चाललीय. त्यात बोलण्याच्या परीक्षेत साधारण ५-५ मिनिटांचे २ प्रसंग असतात. समोरचा रुग्ण किंवा नातेवाईक होतो, आपण आपलं काम करायचं. परवा नाशिकला गंगापूर रोडच्या माझ्या स्वयंपाकघरात मीच रुग्ण झाले. ओळख करून देताना ती इंग्रजीत म्हणाली, मी २०२१ला पास आउट झाले. म्हटलं, "अगं, मग तोंडावर पाणी कुणी मारलं?"

तिकडे रुग्णाच्या तोंडी 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. प्रशिक्षण पुरं करण्याचा अर्थही खराच, पण तो मुख्यतः लष्कर-पोलिसांकडचा. आपल्या त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीतलं दीक्षान्त संचलन म्हणजे 'पासिंग आउट परेड'. आपण तो सरसकट कॉलेजला लावला.

पोरीचं इंग्रजी कच्चं नाही. सिन्कोपी (शुद्ध हरपणं), हिमॉप्टिसिस (खोकल्यातून रक्त पडणं) घडाघडा म्हणते. पण हे केसपेपरवरचे शब्द. रुग्ण म्हणणार, "आय कान्ट कीप एनिथिंग डाउन." हिनं अर्थ लावला, काही खाली ठेवता येत नाही, म्हणजे हात आखडला असेल! मी म्हटलं, तुझी आजी काय म्हणायची? पोटात काही ठरत नाही. तेच ते.

'ब्रिंग अप' जास्त फसवं. कफ असेल तर बेडका पडणं, खाल्लेलं असेल तर ओकणं. रक्त असेल तर लगेच विचारायला हवं, खोकल्यातून की उलटीतून? कारण दोन्हींचा उगम वेगळा, तपासही वेगळा. 'थ्रो अप'ला ही भानगड नाही, ती निव्वळ उलटी. 'पुट माय बॅक आउट' ऐकून ती गप्पच झाली. मी म्हटलं, उसण भरली समज.

तिच्या वहीत 'अप' म्हणजे वर, 'आउट' म्हणजे बाहेर, अशी पानंच्या पानं आहेत. माझ्या मते ती फाडावीत. सुरगाण्याहून आलेली बाई म्हणते तोंड आलंय, डोळे आलेत, तेव्हा कुठून आले असं आपण विचारतो का? 'दिवस गेले' ऐकून कुणी कॅलेंडर बघत नाही. 'येणे'चा अर्थ पाठ करून तोंड आल्याचं कळणार नाही. ते त्या बाईच्या तोंडूनच शिकावं लागतं.

उलट बाजूनं तर आपलीच मजा. आपल्याकडे ताप उतरतो, सूज उतरते, भूल उतरते. इंग्रजीत ताप 'कम्स डाउन', सूज 'गोज डाउन', पण भूल 'वेअर्स ऑफ'. भुलीला 'डाउन' लावलंत तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. भुलीतून माणूस शुद्धीवर येतो ते 'कम राउंड'.

'रूल आउट' मात्र डॉक्टरांचं. त्यावरून आमच्याच घरात रात्रभर रडारड झालीय. काकांच्या कागदावर लिहिलं होतं 'रूल आउट टीबी'. डॉक्टरांना म्हणायचं होतं, टीबी नाही ना ते तपासून घ्या. चुलतभावानं फक्त 'टीबी' वाचलं, आणि शेजारच्या मास्तरांनी सांगितलं, टीबी नाही असं लिहिलंय. दोघंही चुकले, तपासणी व्हायचीच होती.

आता मी अडलेय ती 'अंगावर काढणे'पाशी. भाचीला प्रसंग दिला होता, आजोबांनी आठवडाभर ताप अंगावर काढलाय. तिनं 'पुट अप विथ' वापरलं. ते सहन करण्यापाशी थांबतं, डॉक्टरकडे न जाण्याचं त्यात येत नाही. मी 'सोल्जर ऑन', म्हणजे नेटानं रेटत राहणं, सुचवलं, पण त्यात शाबासकी आहे. आपण 'अंगावर काढलं' म्हणतो ते बहुधा रागावून, "इतके दिवस अंगावर काढलंत कशाला?" तो राग इंग्रजी क्रियापदात कुणाला सापडलाय का? भाचीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.